बावीस डिसेंबरचं पान

१

अनंतकृष्ण मास्तरांच्या वहीतलं एक पान गेलं आहे, हे त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उघडकीला आलं, आणि तेही चारचौघांसमोर. त्यांची मुलगी श्रीलक्ष्मी पाटावर बसून वही उलटत होती. एकवीस डिसेंबर झालं, आणि पुढचं पान तेवीस डिसेंबरचं निघालं. तिनं मागं उलटलं, पुढं उलटलं. मग वही आडवी धरून शिवणीत बोट घातलं.

"मामी," ती मला म्हणाली, "माझें पान नाहीं."

मास्तरांची बायको नागलक्ष्मीबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मास्तरांचा धाकटा भाऊ एकोजी केळीचं पान दुमडता दुमडता थांबला. आणि मास्तरांचा जुना विद्यार्थी अरुणकुमार, आता त्याच शाळेत गणित शिकवणारा, त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात माझ्या मनानं त्याला चोर ठरवूनही टाकलं. माझं मन हे काम फार पटकन करतं आणि नव्वद टक्के वेळा तोंडघशी पडतं.

ही वही म्हणजे काय, ते आधी सांगते. मास्तर इथं कुंभकोणमला पस्तीस वर्षं इतिहास शिकवत होते. तरुणपणी त्यांनी एक जाडजूड कापडी बांधणीची वही शिवून घेतली होती, तीनशे सहासष्ट पानांची. एका तारखेला एक पान, मागची बाजू कोरी. वरच्या अर्ध्यात त्या तारखेला जन्मलेली मोठी माणसं. बारा फेब्रुवारीला लिंकन आणि डार्विन, एकाच वर्षी एकाच दिवशी जन्मलेले. दोन ऑक्टोबरला गांधीजी आणि शास्त्रीजी. आणि खालच्या अर्ध्यात मास्तरांचे विद्यार्थी, जो ज्या तारखेला जन्मला त्या पानावर. वाढदिवसाला प्रत्येकाला पोस्टकार्ड जायचं: "आज लिंकन, डार्विन आणि तू." आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यानं आपलं कार्ड लायसन्सच्या मागं ठेवलंय. चौथीनंतर शाळा सुटली त्याची, पण आपण डार्विनच्या पंक्तीतले आहोत हे तो कुणालाही ऐकवतो.

बावीस डिसेंबरचं पान तर गावाचं पान. रामानुजन त्या तारखेचा, आणि तो याच गावात लहानाचा मोठा झाला. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम ठरला होता. वही शाळेच्या वाचनालयाला द्यायची, आणि त्याआधी श्रीलक्ष्मीनं व्यासपीठावरून ते पान वाचायचं. कारण तीही बावीस डिसेंबरची.

दुपारी ती आमच्या घरी आली. माझा नवरा हरिकृष्णराव नगरपालिकेच्या जनन-मरण खात्यात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. गावातल्या निम्म्या लोकांच्या जन्मतारखा त्याला तोंडपाठ. त्यामुळे कुणाचं काही हरवलं, कुणाचा वाद मिटेना, की लोक पोलिसांकडे जायच्या आधी याच्याकडे येतात.

"मामा, मला तें पान पाहिजे," श्रीलक्ष्मी म्हणाली. "घर नको, दागिने नकोत. अप्पांनीं माझें नांव स्वतःच्या हातानें कुठें लिहिलें असेल तर तें तेवढेंच एक."

आणि त्रिचीच्या कॉलेजात चाळीस जणांना गणित शिकवणारी ती बाई माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

२

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इथं आले चौऱ्याऐंशी साली. ही इथली मराठी माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वी एकोजीराजांच्या काळात इकडे आली आणि भाषा तेव्हाची तेव्हाच ठेवून बसली, वर तमिळची फोडणी. लग्नात यांचं बोलणं ऐकून माझ्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, जावई बखरीतून उठून आलेत काय गं? आता मला सवय झाली आहे. भांडताना मात्र मी साताऱ्याच्याच मराठीत भांडते, ती इथं कुणाला पुरी कळत नाही आणि त्याचा फायदा होतो.

हरिकृष्णरावांनी वही टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंग घेतलं. मी म्हटलं, आता तासभर जेवणाचं नाव नको. पण पाचच मिनिटांत ते मला म्हणाले, "वाणी, हें बघ."

पान फाडलेलं नव्हतं. ब्लेडनं शिवणीपासून दोन दोरे सोडून नीट कापलेलं होतं. उरलेल्या पट्टीची कड पांढरीस्वच्छ होती, बाकी कडा जुन्या पिवळ्या. म्हणजे कापून फार दिवस झाले नव्हते. आणि एकवीस आणि तेवीसच्या मध्ये एक कात्रण सैल ठेवलं होतं: जन्मशताब्दीच्या वर्षी वर्तमानपत्रात आलेलं रामानुजनचं चित्र.

"हें त्या पानावर डकविलेलें होतें," श्रीलक्ष्मी म्हणाली. "अप्पांनीं सांगितलेलें."

कात्रण लाटांसारखं वाकडंतिकडं झालं होतं आणि मागं वाळलेली खळ होती. हरिकृष्णरावांनी ते नाकाशी नेलं.

"वाफेवर धरून सोडविलें आहे. इडलीच्या पात्रावर, नाहीं तर कॉफीच्या पाण्यावर. चोरानें पान नेलें आणि रामानुजन परत ठेविला. कां?"

ते श्रीलक्ष्मीकडे वळले. "तूं पान पाहिलेंस तेव्हां चित्राखालीं काय होतें?"

ती म्हणाली, "मीं पाहिलेंच नाहीं, मामा. कधींच."

दर वर्षी बावीस डिसेंबरला सकाळी मास्तर अंघोळ करून कपाटातून वही काढायचे आणि उभं राहून ते पान वाचायचे. "गुरु गोविंदसिंग. सारदादेवी. रामानुजन. आणि आमची लेक." एवढंच. मग वही बंद. लहानपणी तिनं हट्ट केला तर म्हणायचे, आपलं पान आपण बघू नये, दृष्ट लागते. गावभरच्या पोरांना त्यांची पानं दाखवणारा माणूस स्वतःच्या मुलीला दाखवत नव्हता.

"वाचतांना माझ्याकडे बघत पण नसत," ती म्हणाली. "डोळे पानावरच. मला वाटायचें, मीं त्यांना पुरी पडलें नाहीं. त्या तारखेची मुलगी म्हणून मला गणितांत घातलें. मला तिरुभुवनमला जाऊन रेशमी लुगड्यांचे काठ काढायचे होते, मामी. शाळेच्या वहीच्या मागें चोरून काढायची मीं. अप्पांनीं बघितलें आणि एवढेंच म्हणाले, रामानुजनच्या दिवसाची तूं. मग मीं सोडून दिलें."

"आणि आई काय करायची तुझ्या वाढदिवसाला?" मी विचारलं. तिला जरा सावरावं म्हणून.

"आई तारखेला कांहींच करीत नाहीं. ती नक्षत्रावर करिते. मार्गळी महिन्यांत रेवती आली कीं तिरुनागेश्वरमच्या देवळांत माझ्या नांवानें अर्चना, घरीं पायसम. त्या दिवशीं ती मला स्वतः न्हाऊ घालिते, अजूनहि."

मार्गळी हा इथला डिसेंबर-जानेवारीतला महिना, तेव्हा यात काही नवल नव्हतं. इथं घरोघर माणसाला दोन वाढदिवस असतात, एक कागदावरचा आणि एक देवापुढचा. हरिकृष्णराव मात्र भिंग हातात धरून उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

३

अरुणकुमारला गाठला शाळेच्या व्हरांड्यात. तिथं पताका लावणं चालू होतं. आम्हाला बघताच तो तमिळमध्ये गडबडीनं बोलायला लागला, आणि मी मनात म्हटलं, पकडला!

"सारांच्या पायाची शपथ, मी नाही कापलं," तो म्हणाला. मास्तरांना तो 'सार' म्हणतो. "पण मी खोटं वागलो, ते खरं."

झालं होतं असं. नवव्या दिवशी दुपारी तो वहीचे फोटो काढायला घरी गेला होता. जानेवारी ते जून पानं त्या दिवशी झाली. उरलेली दुसऱ्या दिवशी. घरी येऊन फोटो मोजले तर एक कमी. मोबाइल उघडून त्यानं आम्हाला दाखवलं, एकवीस डिसेंबर आणि लगेच तेवीस.

"तेव्हाच का नाही बोललास?" मी.

"कोण विश्वास ठेवणार, अम्मा? वही माझ्याच हातात होती. पान नाही म्हटलं असतं तर मीच नेलं म्हणाले असते. तुम्हीसुद्धा आता तेच म्हणताय." हे खरं होतं, त्यामुळे मी पताकांकडे बघितलं.

हरिकृष्णरावांनी विचारलं, "त्या दोन दिवसांत तू स्वयंपाकघरात गेला होतास?"

"सुतकाच्या घरात? मी ओसरीवर बसलो होतो. पाणीसुद्धा बाहेरच दिलं."

"श्रीलक्ष्मी पान वाचणार, हे घरात कधी सांगितलंस?"

"त्याच नवव्या दिवशी. छापलेली पत्रिका घेऊनच गेलो होतो. बाईंच्या हातात दिली. बाईंनी पत्रिका दोनदा वाचली आणि विचारलं, श्री मोठ्यानं वाचणार? सगळ्यांपुढे? मी म्हटलं, हो अम्मा, सारांना केवढा आनंद झाला असता."

निघताना त्यानं हरिकृष्णरावांचा हात धरला. मास्तरांनी वरच्या भागातली नावं आणि विद्यार्थ्यांची नावं तमिळमध्ये लिहिली होती, ती सगळी त्यानं वाचून काढली होती. घरच्या माणसांची नावं तेवढी बाळबोध लिपीत होती, ती त्याला वाचता येत नव्हती. "बाकी वही मला पाठ आहे," तो म्हणाला. "एवढा मोठा माणूस, आणि आम्हा सगळ्यांना लक्षात ठेवायचा."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "चोर नाही हा."

"तुला पताकांनी सांगितलं?" हरिकृष्णराव म्हणाले. घराबाहेर ते माझ्याशीही कधीकधी चुकून तमिळ बोलतात, तसे बोलले. नेहमीसारखे हसले मात्र नाहीत.

४

उरला एकोजी. नाचियारकोविलला त्याचं पितळी समयांचं छोटं दुकान आहे. बसमध्ये माझा तर्क तयार झाला होता: वही घराबाहेर जायला एकोजीचा विरोध होता, तेराव्यालाही तो त्यावरून कुरकुरला होता. भावाची आठवण म्हणून एक पान त्यानं ठेवून घेतलं असणार. आम्ही गेलो तेव्हा तो समईच्या हंसाला चिंच लावून घासत बसला होता.

"माझा विरोध होता, आहे," तो म्हणाला. "अण्णांनीं तें सारें घरासाठीं लिहिलें. पण मीं कापीन? अण्णांच्या वहीला मीं कधीं हात नाहीं लाविला."

"नवव्या दिवशी रात्री राहिला होतास ना तिथं?" मी म्हटलं.

"नाहीं वैनी. रोज शेवटल्या बसनें परत. दुकानाला कोण बघेल?"

मग कॉफी आली. हरिकृष्णराव काही विचारीनात. इकडच्या तिकडच्या गप्पा, भाव, पाऊस, मास्तरांचं तरुणपण. बोलता बोलता एकोजी खुलला.

"ती जन्मली तो दिवस मला अजून दिसतो," तो म्हणाला. "बावीस डिसेंबर, ऐंशी साल. पहांटेपासून गलबला. वैनींनीं चुलीवर नैवेद्याची कळी शिजत ठेविलेली, आणि तशाच कळा सुरू झाल्या. रस्त्यांत नटराजाची मिरवणूक, रिक्षा मिळेना. मींच धांवत जाऊन सुईणीला आणिलें. परत येईपर्यंत कळी करपून गेलेली, आणि आंत लेंकरूं रडतें. अण्णा मला म्हणाले, एकोजी, आज कुणाचा दिवस ठाऊक आहे कां तुला? रामानुजनचा! असे नाचले, असे नाचले..."

आणि तो थांबला. अगदी मध्येच. हातातला पेला खाली ठेवला, पुन्हा समई ओढली आणि हंस घासायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"वैनी पुन्हां कधीं कळी करीत नाहींत," तो एवढंच म्हणाला. "बस येईल तुमची."

परतीच्या बसमध्ये दोन्ही बाजूंनी भाताची शेतं लागली होती. मी तीन वेळा बोलायचा प्रयत्न केला. हरिकृष्णराव समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना रडताना दोनदा पाहिलं होतं, ते तिसऱ्यांदा पाहिलं.

५

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून जुनी पंचांगं काढली. ऐंशी सालचं उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"कळी म्हणजे काय, सांग."

"गुळातला तांदळाचा सांजा. मार्गळीतल्या आर्द्रा नक्षत्राला करतात, नटराजाच्या नैवेद्याला. वर्षात एकदाच."

"म्हणजे त्या दिवशीं नक्षत्र कोणतें?"

"आर्द्रा," मी म्हटलं, आणि मग मला आठवलं. श्रीलक्ष्मीची अर्चना रेवतीवर होते.

"कागदावर माणूस कांहींहि लिहील," हरिकृष्णराव म्हणाले. "शाळेंत घालायला वर्ष वाढवील, कमी करील. मीं अडतीस वर्षें तेंच पाहिलें. पण देवापुढें अर्चनेला आई खोटें नक्षत्र सांगणार नाहीं. इथें कुणीहि सांगणार नाहीं. लेंकराचें आयुष्य मागायचें आणि तें दुसऱ्याच्या नक्षत्रावर? नागलक्ष्मीवैनी बेचाळीस वर्षें खरें तेंच सांगत आल्या आहेत. श्री रेवतीची. म्हणजे बावीस डिसेंबरला जन्मली ती श्री नव्हे."

मी पंचांगात बावीस डिसेंबर शोधलं; आर्द्राच होती.

"एकोजीनें सांगितली ती वेगळीच मुलगी. थोरली, लहानपणींच गेलेली. मास्तर पानावरून वाचीत, 'आमची लेक'. नांव नाहीं घेतलें कधीं, आणि श्रीकडे बघून खोटें बोलवत नव्हतें म्हणून बघितलें नाहीं. पान दाखविलें नाहीं, कारण त्यावर श्रीचें नांव नाहींच. मग तें पान भर सभेंत वाचलें जाऊं नये असें कोणाला वाटेल? अरुणकुमारला नाहीं, त्याला बाळबोध वाचतां येत नाहीं. एकोजीला ठाऊक आहे सारें, पण तो वहीला हात लावीत नाहीं, रात्रीं घरीं नसतो. आणि वाफ स्वयंपाकघरांतली."

"नागलक्ष्मीबाई," मी म्हटलं.

"पत्रिका वाचली त्याच दिवशीं कापिलें."

माझा नवरा कोडं सुटलं की एक सुपारी तोंडात टाकतो. त्या दिवशी डबा तसाच राहिला. त्यांनी पंचांग मिटलं.

"वाणी, आणखी एक आहे," ते म्हणाले. "एक्याऐंशीचा मार्च. मीं तेवीस वर्षांचा, नवा कारकून. जन्माच्या नोंदी तेव्हां बिननांवाच्या होत, मुलगी एवढेंच, नांव मागाहून घालीत. मास्तर एका संध्याकाळीं माझ्या खिडकीशीं आले. हातांत कागद. तासभर उभे. रांग पुढें जाई, ते मागें सरत. मला वाटलें, लेंकीचें नांव घालायला आले असतील, कुठलें घालावें तें ठरत नसेल. कार्यालय बंद करायची वेळ झाली. मीं हंसत म्हणालों, मास्तर, काय एवढी घाई, उद्यां या कीं. ते निघून गेले. त्या हातांत कोणता कागद होता, तो मला आज कळला."

मी त्यांच्या चपला दाराशी आणून ठेवल्या.

६

नागलक्ष्मीबाईंनी आम्हाला आत घेतलं आणि हरिकृष्णरावांच्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं. मग उठून ट्रंक उघडली, लुगड्यांच्या तळाचा कागद उचलला आणि पान काढून यांच्या हातात दिलं. नाकारणं नाही, रागावणं नाही. एवढ्या लहान चणीच्या बाई, तेरा दिवसांत आणखीच आटल्यासारख्या दिसत होत्या.

पानावर चित्राची रिकामी जागा होती. तिच्याखाली बाळबोधीत, सुंदर अक्षरात एकच ओळ: "गोमती. २२ डिसेंबर १९८० ते १४ मार्च १९८१."

"ताप आला," त्या म्हणाल्या. "दोनच दिवस. तेवढ्यांत गेली."

"आणि नोंद?" हरिकृष्णरावांनी विचारलं.

"गेले होते तुमच्याकडे. परत आले. म्हणाले, नागू, लिहायचें कसें? लिहिलें कीं ती खरीच गेली. मग श्री झाली, तेव्हां जन्म लिहायला सुद्धां त्या खिडकीशीं जाववलें नाहीं त्यांना. शाळेची वेळ आली. कागद मागितला. घरांत एकच कागद होता, बिननांवाचा. तोच दिला."

"वैनी, त्या खिडकींत मीं होतों."

"ठाऊक आहे. तुमच्यावर राग नाहीं. तुम्हांला कसें कळणार?" यावर माझा नवरा लहान मुलासारखा तोंड झाकून बसला.

मी विचारलं, "मग रामानुजनला का परत ठेवलंत?" आता विचारायचं ते हे नव्हे, पण तेच तोंडातून बाहेर पडलं.

"तो गांवाचा, वाणी," त्या म्हणाल्या. "पोर माझी."

मग त्या हात जोडून म्हणाल्या, हें इथेंच राहूं दे. पान हरवलें असें सांगा. तिला सारा जन्म ठाऊक आहे कीं ती त्या दिवसाची. त्याच दिवसापायीं ती शिकली, झिजली. आतां सांगूं कीं तो दिवस तुझा नव्हताच?

खरं सांगते, मी त्यांच्या बाजूची होते. मेलेल्याचं दुःख जिवंताच्या पदरात कशाला घालायचं? हरिकृष्णरावांनी मात्र मान हलवली. "वैनी, ती माझ्याकडे पान मागायला नव्हती आली. अप्पांच्या लेखीं मीं होतें कीं नाहीं, हें विचारायला आली होती. पान हरवलें म्हटलें तर ती मरेपर्यंत समजेल कीं नव्हती."

नागलक्ष्मीबाईंनी पान मांडीवर घेतलं. मग त्यांनी आत हाक मारली, "श्री, इकडे ये."

त्यांनीच सांगितलं सगळं. आम्ही मध्ये पडलो नाही. श्रीलक्ष्मी उभ्यानं ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पान हातात घेतलं, ओळ वाचली, नावावरून बोट फिरवलं. रडली नाही. मला वाटलं होतं ती आईवर ओरडेल, निदान गणितात गेलेली सगळी वर्षं कुणाच्या तरी अंगावर फेकेल. ती फक्त म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे बघत नव्हते असें नाहीं. तिच्याकडे बघत होते."

"हो."

"मग मीं कधींची, आई?"

"ती गेली त्याच्या पुढच्या वर्षींची. तीन जानेवारी. दुपारीं."

श्रीलक्ष्मीनं वही जवळ ओढली. वही उघडायला मात्र तिचा हात धजेना. शेवटी तिनं ती माझ्याकडे सरकवली. मी जानेवारी उघडलं, पहिलं पान, दुसरं, तिसरं, आणि वाचायला लागले. वर तमिळमध्ये दोन नावं होती. वीरपांडिय कट्टबोम्मन, सतराशे साठ. सावित्रीबाई फुले, अठराशे एकतीस. आमच्या साताऱ्याची सावित्रीबाई आणि इथला इंग्रजांशी लढून फासावर गेलेला कट्टबोम्मन एकाच तारखेचे, हे दोन्ही गावांत राहूनही मला ठाऊक नव्हतं. त्यांच्याखाली विद्यार्थी नव्हते. एकही नाही. सगळी जागा मोकळी सोडून मधोमध बाळबोधीत लिहिलं होतं: "श्रीलक्ष्मी, १९८२."

आणि तिच्या खाली लहान अक्षरात, "हिला यंदा सांगायचें."

पुढं वर्षांचे आकडे. १९९२, खोडलेलं. १९९७, खोडलेलं. १९९९, २००३, २००४. शाई बदलत गेली होती, हात कापायला लागला होता. सगळी वर्षं एकेक रेघ मारून खोडलेली. शेवटचा आकडा होता २०२५, येत्या जानेवारीचा. तो खोडलेला नव्हता.

ते पाहिलं आणि श्रीलक्ष्मी रडली. अप्पा, अप्पा, म्हणत रडली, आणि आईनं तिला कुशीत घेतलं. आम्ही दोघं म्हातारी माणसं उगाच भिंतीकडे बघत बसलो.

बावीस तारखेच्या कार्यक्रमाचं काय करायचं, ते तिनंच ठरवलं. व्यासपीठावर जाऊन आपण पान वाचू, होतं तसं, गोमतीच्या नावासकट. आणि सोमवारी सकाळी हरिकृष्णमामांनी नगरपालिकेत बरोबर यावं, दोन नोंदी राहिल्या आहेत. हरिकृष्णरावांनी मान डोलावली.

आम्ही निघायला उठलो. श्रीलक्ष्मी आईच्या शेजारी जमिनीवर बसली होती, मांडीवर उघडी वही आणि तिच्यावर ते कापलेलं पान.

"आई," ती म्हणाली, "ती दिसायला कशी होती?"

नागलक्ष्मीबाईंनी तिचे केस मागं सारले. मग त्या हळूच म्हणाल्या, "केंस फार होते तिला. तुझ्यासारखे नव्हे, कुरळे. दिवा लाविला कीं तिकडेच बघत राहायची..."

मी दार अलगद ओढून घेतलं. बाहेर चपला घालताना आतून नागलक्ष्मीबाईंचा आवाज येत होता. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या थोरल्या लेकीबद्दल बोलत होत्या, आणि धाकटी मध्ये मध्ये विचारत होती, "मग?"